पुसेटमधला डावा पाय

मिस,

तुम्ही मला आठवीत पुरुष केलंत, ते मी अजून निस्तरते आहे. हे वाक्य शाळेत तुमच्यासमोर बोलले असते, तर तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघितलं असतंत आणि मी पुढचा आठवडाभर हॉलमधल्या खुर्च्या उचलत बसले असते. पण आता मी तुमच्याहून वयाने मोठी आहे. तुम्ही गेलात तेव्हा साठीच्याही आत होतात, मी पासष्ट ओलांडली. तेव्हा एवढं बोलायची मुभा घेते. आणि मराठीतच लिहिते. शाळेत तुमच्याशी इंग्रजीशिवाय बोलायची सोय नव्हती, तरी तुमचं खरं बोलणं मला मराठीतच आठवतं.

गुरुवारचा शेवटचा तास. हॉलच्या लाकडी जमिनीवर खडूने मारलेल्या दोन रेघा, स्टेजच्या कडेला तो जड रेकॉर्ड प्लेअर, आणि शेजारी तुम्ही. सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, निऱ्या चार बोटं वर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. उंचीप्रमाणे ओळ लावायला सांगून तुम्ही ओळीच्या मधोमध हात आडवा धरायचात. हाताच्या अलीकडच्या मुली, पलीकडचे मुलगे. मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलगे आणायचे कुठून? ज्या उंच, त्या मुलगे. मी वर्गात सगळ्यांत उंच होते, त्यामुळे माझा निर्णय करायला तुम्हाला क्षणभरही लागला नाही. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्षं मी मुलगाच राहिले. पुण्यातल्या शाळेत, पांढऱ्या मोज्यांतल्या मुली स्कॉटलंडमधले खेड्यातले नाच करतायत आणि त्यांना ते शिकवतायत नगरकडच्या एक बाई, यात काही विचित्र आहे असं तेव्हा आम्हाला कधी वाटलं नाही. तुम्हाला हे कुणी शिकवलं, तेही विचारलं नाही. आधीच्या कुणा सिस्टरांनी शिकवलं असणार.

रेकॉर्ड सुरू झाली की तुमची भाषा बदलायची. व्हरांड्यातून सिस्टर गेल्या तरी अकॉर्डियनच्या त्या आवाजात काही ऐकू जाणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मग तुम्ही टाळ्या वाजवत आमच्या दोन रांगांमधून फिरायचात आणि तोंडाने सुरू असायचं, "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. अगं बये, हात दे म्हणतेय मी, ओढ नाही म्हणत. ए, खाली काय बघतेस, पैसे सांडलेत का? समोरचीच्या डोळ्यांत बघ." रेकॉर्ड संपली की लगेच, "व्हेरी नाइस, गर्ल्स."

त्या नाचांमधला एकच तुकडा मला शेवटपर्यंत अवघड गेला. बाकी सगळं उजव्या पायाने सुरू होतं. साखळी असो, फेर असो, पहिलं पाऊल उजवं. फक्त पुसेट वेगळं. नाव ऐकल्याबरोबर सगळा वर्ग फरशी पुसायचा हावभाव करून हसला होता, आणि तुम्हीही पदर तोंडाशी नेला होतात. पुसेटमध्ये दोघांनी एकमेकांचे दोन्ही हात धरायचे आणि शेजारच्या जोडीभोवती चौकोनात फिरून त्यांच्याशी जागा बदलायची. एक पाऊल बाहेर, पाव गिरकी, एक पाऊल पुढे, पुन्हा पाव गिरकी, आत, अर्धी गिरकी, आणि मग हात सोडून आपापल्या रांगेत. समोरासमोर असल्यामुळे एकाचा डावा तिथे दुसऱ्याचा उजवा पडायला हवा. म्हणून या एका तुकड्यात मुलीचं पहिलं पाऊल उजवं आणि मुलाचं डावं. माझं ते डावं काही केल्या पडेना. शेवटी तुम्ही शिवणाच्या तासातून लाल लोकर मागवलीत आणि माझ्या डाव्या घोट्याला बांधलीत. "हा तुझा पुसेटचा पाय. बाकीचा विसर, पण हा विसरू नकोस." मी महिनाभर तो धागा काढला नाही. आंघोळ करतानाही नाही. शेवटी त्याचा रंग मोज्याला लागला आणि आईने कात्री घेतली.

पाय आला, पण मी ढकलायला लागले. माझी जोडीदार दोन वेण्यांची, चिमुकली मुलगी होती. अॅन्युअल डेच्या आदल्या आठवड्यात मी तिला पुसेटमध्ये अशी काही फिरवली की ती जाऊन स्टेजच्या पायरीवर आपटली आणि रडायला लागली. तुम्ही रेकॉर्ड थांबवलीत. मला वाटलं आता इंग्रजीत सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघणार. पण तुम्ही पुन्हा सुई ठेवलीत, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात, मुलीच्या बाजूला, आणि माझे दोन्ही हात धरलेत. "चल. घेऊन जा मला." मी निघाले. दुसऱ्याच पावलाला तुम्ही म्हणालात, "मी काय कपाट आहे? असं सरकवतेस कशाला? हात धरलेत ना, मग माझा पाय कुठे आहे ते तुला हातातून कळलं पाहिजे." तीनदा आपण तो चौकोन पुरा केला. तिसऱ्यांदा तुम्ही काही बोलला नाहीत. तुमचे तळहात खडूने खरखरीत झालेले होते. त्यानंतर मी कुणाला ढकललं नाही, निदान नाचात तरी.

तुम्ही गेल्याचं मला तीन वर्षांनी कळलं. त्या वेण्यांच्या मुलीनेच फोनवर बोलता बोलता सांगितलं, जणू मला ते ठाऊकच असणार. आम्ही तेव्हा नुकतेच इथे सिंगापूरला आलो होतो. यांची बँकेची नोकरी, मुलीची शाळा, घर लावणं. मी फोन ठेवला आणि कुकर लावला. रडूबिडू आलं नाही. वाईट इतकंच वाटलं की त्याआधी पुण्याला दर सुट्टीत जात होते आणि शाळेच्या रस्त्यावरून रिक्षाने जाताना दर वेळी म्हणत होते, पुढच्या खेपेला नक्की.

आता तीस वर्षं होत आली सिंगापूरला. हे निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन सेंगकांगला राहते, आम्ही दोघं यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये. तुम्ही यांना पाहिलेलं नाही, म्हणून थोडं सांगते. बोलका माणूस. बँकेतल्या गोष्टी अशा रंगवून सांगायचे की मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीपेक्षा यांच्याभोवती गर्दी जास्त असायची. पण चार-पाच वर्षांपूर्वी कान जायला लागले. हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही असे. मुलीने कानातलं यंत्र आणून दिलं, ते दोन दिवस लावलं आणि म्हणाले, "यातून भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा येत नाही." मग ते डबीत गेलं. पुढे पुढे हे मंडळात गेले तरी चपलांच्या रॅकजवळ बसायला लागले. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बिनसाखरेची कोरी कॉफी मागायचे, दुकानवाली काहीतरी विचारायची, हे मान हलवायचे, आणि हातात यायची गोड दाट दुधाची. डायबिटिस असून ती तशीच प्यायचे. "परत विचारायला नको वाटतं गं," एवढंच म्हणाले एकदा. माझा हा बोलका माणूस माझ्या डोळ्यांदेखत गप्प होत चालला होता, आणि मी त्याच्याशी दिवसभर ओरडून बोलत होते.

नाचाचं मला लायब्ररीतल्या फलकावर दिसलं. स्कॉटिश कंट्री डान्सिंग, नवशिक्यांनी जरूर यावं, हार्बरफ्रंटजवळचा एक हॉल, गुरुवारी संध्याकाळी. गुरुवार वाचून मला हसूच आलं. मी यांना म्हटलं, "एकटी नाही जाणार मी तेवढ्या लांब. तुम्ही नुसते बसा." म्हणाले, "बसतो. पण नाच वगैरे काढायचा नाही. मी आपल्या वरातीतसुद्धा नाचलो नव्हतो." खरंच नव्हते नाचले. तर पहिले तीन गुरुवार हे खुर्चीत पेपर घेऊन बसले आणि मी पन्नास वर्षांनी पावलं टाकली. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, चिनी, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे नुसतं टीचर म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी माझे पाय बघून विचारलं, कुठे शिकलीस? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये. मिस, तुमच्या जिवावर मी तिथे भलताच भाव खाऊन गेले. नवीन कुणी आलं की टीचर म्हणायच्या, हिच्याकडे बघा.

चौथ्या गुरुवारी सातच माणसं आली. आठ लागतात, चार जोड्या. टीचर सरळ यांच्याकडे गेल्या, हातातला पेपर काढून घेतला. "अंकल, कम लाह. वन मॅन शॉर्ट."

"मला ऐकू येत नाही," हे इंग्रजीत म्हणाले.

"गुड," टीचर म्हणाल्या. "डान्समध्ये टॉकिंग नॉट अलाउड."

आणि मिस, हे नाचले. आधी सगळं उलटसुलट, पण नाचले. आम्ही एमआरटीने, इथल्या मेट्रोने, परत निघालो. मग एकदम म्हणाले, "तिथे कुणी काही विचारत नाही गं. नुसतं बघतात आणि हात देतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटीची वही आणली आणि त्यात पेन्सिलीने आकृत्या काढायला लागले. पुरुष म्हणजे चौकोन, बायका म्हणजे गोल, बाण कुठून कुठे. ताल कसा कळतो म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, लाकडी जमीन आहे, पायाला कळतो. चार महिन्यांत हा माणूस गुरुवारची वाट बघायला लागला. मुलगी आली की तिला वही उघडून दाखवायचा. "बाबा किती बोलले आज," ती मला जाताना लिफ्टपाशी म्हणाली, आणि आम्ही दोघींनी दोन लिफ्ट तशाच जाऊ दिल्या.

मग वर्षअखेरचा नाच जवळ आला. त्याला हे लोक बॉल म्हणतात. पाहुणे येतात, वादक येतात, आणि आमच्या वर्गाचे आठ जण एक नाच करून दाखवणार होते. टीचरनी त्यात आम्हा दोघांना घेतलं. आणि त्या नाचात होतं पुसेट.

पहिल्याच वेळी आमचे गुडघे एकमेकांवर आपटले. दुसऱ्या वेळी मी एका बाजूला गेले, हे दुसऱ्या, आणि शेजारची जोडी मध्ये अडकली. तिसऱ्या वेळीही तेच. मला मनापासून वाटलं की चूक यांची. का नाही वाटणार? सगळा वर्ग माझ्याकडे बघून शिकत होता. मी म्हटलं, आणि मिस, मोठ्याने म्हटलं, कारण यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागतं, "अहो, तुमचा पाय उशिरा पडतोय. सूर ऐकून टाका ना पाऊल." मराठीत म्हटलं, म्हणून बाकीच्यांना शब्द कळले नाहीत. स्वर कळला असणार. हे शेजारच्या जोडीकडे वळून म्हणाले, "सॉरी. माय इअर्स." आणि स्वतःच्या कानाला हात लावला, लहान मुलं चुकल्यावर लावतात तसा.

वर्ग सुटल्यावर मी पाणी प्यायला गेले, तिथे टीचर उभ्या होत्या. "तू कॉन्व्हेंट गर्ल ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. "क्लासमध्ये टॉल?" हो. "सो ऑल्वेज द मॅन." आणि त्या हसायला लागल्या. त्यांनी स्वतःच्या डाव्या पायावर टिचकी मारली. "मी टू. माझा पाय बदलायला टू इयर्स लागले. अंकल करेक्ट आहेत. यू आर द वन."

तिथे त्या कुलरपाशी माझ्या हातातला पेपर कप भरून वाहायला लागला. तीन वर्षं मुलगा होते मी. तुम्ही म्हणाला होतात, बाकीचा विसर, हा विसरू नकोस. आणि माझ्या पायाने ते इतकं मनावर घेतलं होतं की पुसेट आलं की तो विचारायला थांबतच नव्हता. यांचा डावा बरोबर पडत होता, वेळेवर पडत होता, आणि त्याच्यासमोर माझाही डावाच येत होता. बाहेर हे बाकावर बसून बूट बदलत होते. मला तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. मी गेले आणि म्हटलं, "चला, गाडी चुकेल."

का नाही सांगितलं? तुम्ही असतात तर हाच प्रश्न विचारला असतात, आणि उत्तर येईपर्यंत समोरून हलला नसतात. मला वाटलं, आठवड्याभरात घरी गुपचूप पाय बदलून घेईन, मग सांगायची गरजच पडणार नाही. दुपारी हे झोपले की मी ओट्याला धरून उजवा, उजवा करत राहायचे. पण नुसतं उभं राहून करायची तेव्हा उजवा यायचा, आणि मनात सूर धरून करायची की डावा. आणि मधल्या काळात यांनी वही मिटून ठेवली. गुरुवार आला तसे म्हणाले, "तू जा. मी येत नाही." मी म्हटलं, "का?" "माझ्यामुळे आठ जणांचं बिघडतं. इतके दिवस वाटत होतं, कान गेले तरी पायाला तरी कळतंय. तेही नाही म्हटल्यावर काय." आणि टीव्ही लावला, आवाज बंद करून, खालच्या अक्षरांकडे बघत. मी एकटीच गेले. आठाऐवजी सात. टीचरनी मला विचारलं, "यू टोल्ड हिम?" मी मान हलवली नाही आणि डोलावलीही नाही. परतीच्या गाडीत मला एकच दिसत होतं. हे परत चपलांच्या रॅकजवळ जाऊन बसलेले, आणि या वेळी त्यांना तिथे मी नेऊन बसवलेलं.

शनिवारी संध्याकाळी हे स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मेथी निवडत होते. लिटल इंडियातून आणलेल्या दोन जुड्या, मातीने भरलेल्या. मी ओट्याकडे तोंड करून म्हटलं, "अहो, पाय माझा चुकत होता."

"हं?"

मी वळले. "पाय! माझा!"

"दुखतोय? मग बाम लाव ना. कपाटात आहे."

"दुखत नाही हो! चुकत होता! पुसेटमध्ये! तुमचा नाही, माझा! माझा पाय चुकत होता!"

मिस, बहिऱ्या माणसापाशी कबुली द्यायची म्हणजे ती कुजबुजून देता येत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मधल्या सामाईक व्हरांड्यात उघडते. शेजारची मलय बाई कपड्यांची बादली घेऊन चालली होती, ती खिडकीशी थांबली. "आंटी, ओके ऑर नॉट?" म्हटलं, "ओके, ओके." ती यांच्याकडे एकदा नीट बघून गेली.

यांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. "म्हणजे मी वेळेवर टाकत होतो पाऊल?"

मी मान डोलावली.

"ताल कळत होता मला?"

"कळत होता."

"तुला कधी कळलं हे?"

मी बोटांनी नऊ दाखवले. "नऊ दिवस झाले."

हे उठून हॉलमध्ये गेले. मी मेथी पुढे ओढली आणि निवडायला बसले, पण पानं काड्यांत आणि काड्या पानांत टाकत होते. बऱ्याच वेळाने दारात येऊन उभे राहिले. "नऊ दिवस मी स्वतःला बहिरा समजत होतो."

"बहिरे तर आहातच," माझ्या तोंडून गेलं.

"त्याहून जास्त," ते म्हणाले. आणि मग हसले. आधी नाकाने, मग खांदे हलायला लागले. "म्हणजे चाळीस वर्षांच्या संसारात एकदा तुझा पाय चुकला आणि तोही मी माझ्या अंगावर घेतला होय!" मला रडू येत होतं आणि हे डोळे पुसत हसत होते. पण हसणं संपल्यावर एक वाक्य बोलले, ते मी तुम्हाला सांगायला हवं. "पुन्हा असं करू नकोस. मला ऐकू येत नाही, त्यामुळे तू सांगशील तेच माझ्यासाठी खरं असतं."

मी म्हटलं, नाही करणार.

मग वही काढली. "आता तुझा पाय पंधरा दिवसांत बदलतो का?" मी सगळं खरं सांगितलं, ओट्यापाशी केलेली प्रॅक्टिसही. त्यांनी पेन्सिल घेऊन आमच्या चौकोनाच्या जागी गोल काढला आणि गोलाच्या जागी चौकोन. "मग मी बायकांच्या बाजूला उभा राहतो. माझं काय, सगळीकडे उजवाच. लक्षात ठेवायला सोपं. तू हो पुरुष. तुला सवय आहे." हे सदाशिव पेठेत वाढलेले गृहस्थ म्हणतायत, मिस, ज्यांनी लग्नात माझा एक हात धरला तो भटजींनी दोनदा सांगितल्यावर. आम्ही टेबल भिंतीला लावलं आणि फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या जागेत उभे राहिलो. यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांना मेथीचा वास होता. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांचे दोन्ही हात एका वेळी कधी धरले होते, ते आठवेना. मी डाव्याने निघाले, हे उजव्याने, आणि आम्ही मशीनला वळसा घालून न अडखळता परत आलो. गुडघे आपटले नाहीत. "अरे!" हे म्हणाले. मग आणखी एकदा. मग भाजी राहिलीच, अंडी केली त्या दिवशी.

टीचरना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "कॅन, कॅन" म्हटलं, जणू आम्ही खिडकी उघडू का म्हणून विचारलं होतं. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा लेडीज साइडला? सीरियसली, आई?" आणि लगेच, "मी येणार बघायला. सगळ्यात पुढे बसणार."

बॉल परवा शनिवारी झाला. एका मोठ्या हॉटेलातला हॉल, संगमरवरी जमीन, कोपऱ्यात खरे वादक, अकॉर्डियन आणि दोन व्हायोलिनं. आमच्या आठांतल्या बायकांना टीचरनी खांद्यावरून घ्यायचे चौकड्यांचे पट्टे आणले होते, आणि एक पट्टा त्यांनी गंभीरपणे यांच्यापुढे धरला. यांनी तो उपरणं घ्यावं तसा घेतला, टोकं सारखी केली, आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. शेजारच्या जोडीतला उंच स्कॉटिश म्हातारा घागऱ्यासारखा किल्ट घालून माझ्याशेजारी उभा होता. तो वाकून यांना म्हणाला, "मॅडम, यू लुक लव्हली." हे त्याच्या ओठांकडे बघत होते. लगेच म्हणाले, "सो डू यू, सर. नाइस स्कर्ट." पुढच्या दोन्ही रांगा हसल्या. मला माझ्या मुलीचं हसणं त्यात वेगळं ओळखू आलं. हा माझा जुना नवरा होता, गणपतीतला.

आता हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं. पण पत्ता असता तरी पाठवलं नसतं, आणि त्याचं कारण हे की पुढचं तुम्हाला वाचवलं नसतं. त्या संगमरवरी जमिनीला ताल नव्हता. लाकडात तो पायाला लागतो, दगडात लागत नाही. पुसेट आलं, आम्ही हात धरले, आणि हातांतूनच मला कळलं की हे मागे आहेत. फार नाही, अर्धी मात्रा. मला वाद्यं स्वच्छ ऐकू येत होती. एक झटका दिला असता तर यांना तालावर आणता आलं असतं, ते मला येतं. मी नाही दिला. मी माझं पाऊल धरून ठेवलं, यांचं आलं तेव्हा टाकलं, आणि तो सगळा चौकोन आम्ही सुरांच्या अर्धी मात्रा मागून चाललो, दोघंही, बरोबर एकत्र. पलीकडे उभ्या असलेल्या टीचरच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. यांना काहीच कळलं नाही. जागेवर परत आल्यावर विचारलं, "जमलं ना?" पुन्हा खोटं बोलणार नाही म्हणून शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "एकदम बरोबर पडले आपले पाय." आणि तेवढं तरी, मिस, खरं होतं.